रेडिओ सिलोन: दिल्लीने मोकळी सोडलेली जागा आणि कोलंबोचा व्यापार

रेडिओ सिलोन या कोलंबोच्या (तेव्हाच्या सिलोनच्या, आजच्या श्रीलंकेच्या) नभोवाणी केंद्राविषयी मराठीत आजवर जे लिहिले गेले, ते बहुतांशी स्मरणरंजनाच्या अंगाने लिहिले गेले. बुधवारी रात्री आठ वाजता ‘बिनाका गीतमाला’ ऐकायला शेजाऱ्यांच्या रेडिओभोवती जमलेली माणसे, खरखरीतून वर येणारा निवेदक अमीन सयानींचा आवाज, झुमरीतलैया या दूरच्या लहान गावाहून येणाऱ्या, न संपणाऱ्या फर्माइशी, हे सारे त्यात असते आणि त्यात खोटे काही नाही. मात्र या जिव्हाळ्याखाली एक गोष्ट झाकली जाते, ती ही की रेडिओ सिलोनची हिंदी सेवा हा सर्वप्रथम एक व्यवसाय होता आणि त्याची रचना मोठी विलक्षण होती. प्रक्षेपक एका देशात होता आणि श्रोते दुसऱ्या देशात. प्रायोजक, निर्माते आणि बरेचसे आवाज मुंबईचे होते, आणि ज्या चित्रपटगीतांवर हा बाजार उभा होता तीही प्रामुख्याने मुंबईतच तयार होत होती. कोलंबोकडे स्वतःच्या मालकीचे दोनच जिन्नस होते: एक ताकदवान प्रक्षेपक आणि विकता येईल असा वेळ. एवढ्या भांडवलावर हे केंद्र दीड-दोन दशके उपखंडात आघाडीवर कसे राहिले आणि पुढे फारसा गाजावाजा न होता मागे कसे पडले, हे या लेखात पाहायचे आहे.

देशापेक्षा मोठा प्रक्षेपक

कोलंबोचे नभोवाणी केंद्र आशियातल्या जुन्या केंद्रांपैकी एक आहे. एडवर्ड हार्पर या ब्रिटिश अभियंत्याच्या पुढाकाराने 16 डिसेंबर 1925 रोजी तेथे नियमित प्रसारण सुरू झाले. मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र त्यानंतर दीड वर्षाने, 23 जुलै 1927 रोजी उघडले. तथापि पुढची वीस वर्षे कोलंबोचे केंद्र एका लहान वसाहतीचे लहान केंद्र एवढेच राहिले. त्याचे भाग्य बदलले ते दुसऱ्या महायुद्धामुळे. माउंटबॅटन यांच्या आग्नेय आशिया लष्करी कमांडचे (इंग्रजी आद्याक्षरांनी ‘सीॲक’) मुख्यालय 1944 मध्ये कँडीला आले आणि ब्रह्मदेशापासून मलायापर्यंत पसरलेल्या सैनिकांसाठी ‘रेडिओ सीॲक’ हे केंद्र उभे राहिले. त्यासाठी कोलंबोच्या उत्तरेला एकला येथे 100 किलोवॅटचा लघुलहरी प्रक्षेपक बसवण्यात आला. त्याचा खरा उपयोग होईपर्यंत युद्ध संपले होते. सैनिक घरी गेले, सिलोन 1948 मध्ये स्वतंत्र झाला आणि ही यंत्रसामग्री नव्या देशाच्या पदरात पडली.

येथे एक विसंगती निर्माण झाली आणि पुढचा सारा इतिहास तिच्यातूनच घडला. सिलोनची लोकसंख्या तेव्हा पाऊण कोटीच्या आसपास होती. एवढ्याशा बेटाला ऐकवण्यासाठी 100 किलोवॅटच्या लघुलहरींची गरज नव्हती. किंबहुना लघुलहरी जवळच्या श्रोत्याला फारशा उपयोगाच्याच नसतात, कारण त्या वर जातात, आयनांबरावर, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावर, आपटून परततात आणि शेकडो किलोमीटरवर उतरतात. कोलंबोहून सोडलेला कार्यक्रम मुंबईत, नागपुरात, पाटण्यात स्वच्छ उतरायचा. प्रक्षेपकाच्या गुणधर्मानेच ठरवून टाकले होते की या केंद्राचा मोठा श्रोता परदेशी असेल. अशा श्रोत्याकडून परवान्याचे शुल्क वसूल करता येत नाही, त्यामुळे उत्पन्नासाठी जाहिरातीशिवाय दुसरा मार्ग उरत नव्हता. 1950 मध्ये व्यापारी सेवा सुरू झाली आणि तिच्या उभारणीसाठी ऑस्ट्रेलियाचे क्लिफर्ड डॉड यांना आणण्यात आले. व्यापारी रेडिओ ऑस्ट्रेलियात चांगला रुजलेला होता. वेळ कसा विकायचा, प्रायोजक कसा सांभाळायचा, निवेदकाने श्रोत्याशी कसे बोलायचे, हे शिक्षण तेथून आले. इंग्रजी, तमिळ, सिंहली आणि हिंदी अशा चारही भाषांत ही सेवा चालली. तमिळ सेवेचा तमिळनाडूत आणि इंग्रजी सेवेचा भारतातल्या शहरांत स्वतःचा मोठा चाहतावर्ग होता. या लेखात मात्र हिंदी सेवेपुरतेच पाहू.

या योगायोगाची भारतीय बाजूही लक्षात घ्यायला हवी. आकाशवाणीने 1930 च्या दशकाच्या अखेरीस अफाट देश थोड्या केंद्रांत व्यापण्यासाठी लघुलहरींचाच आधार घेतला होता. त्यामुळे भारतात विकल्या जाणाऱ्या रेडिओवर मध्यमलहरींच्या जोडीला शॉर्ट वेव्हचे एक-दोन पट्टे असणे हे सर्वसाधारण होते. परदेशी केंद्र ऐकण्यासाठी लागणारे यंत्र भारतीय मध्यमवर्गाने आपल्याच सरकारचे केंद्र ऐकण्यासाठी आधीच घरात आणून ठेवले होते.

केसकरांचे धोरण

1952 मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले आणि 1962 पर्यंत त्या पदावर राहिले. या मराठी, संस्कृतज्ञ, पॅरिसला शिकलेल्या गृहस्थांची शास्त्रीय संगीतावर खरी निष्ठा होती. संस्थाने विलीन झाल्यावर कलावंतांचा राजाश्रय गेला होता. तो आश्रय आकाशवाणीने द्यावा, हा त्यांचा विचार चुकीचा म्हणता येणार नाही. संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम, रेडिओ संगीत संमेलन, वाद्यवृंद हे त्यांच्याच काळातले उपक्रम होत. पण शास्त्रीय संगीताला जागा द्यायची तर चित्रपटगीतांची जागा कमी केली पाहिजे, असे त्यांनी मानले. चित्रपटसंगीत उथळ आहे, पाश्चात्त्य वळणाचे आहे आणि त्याने लोकांची अभिरुची बिघडते, अशी त्यांची धारणा होती. आकाशवाणीवरील चित्रपटगीतांच्या वेळेला कात्री लागली. गाण्याबरोबर चित्रपटाचे नाव सांगणे ही फुकटची जाहिरात आहे, म्हणून नावे सांगणेही बंद झाले. निर्मात्यांना हे मान्य होण्यासारखे नव्हते. त्यांनी गाणी वाजवण्याची परवानगीच काढून घेतली आणि आकाशवाणीवरून चित्रपटगीत जवळपास नाहीसे झाले.

हा भाग सांगताना बहुतेक लेखक केसकरांना खलनायक करतात. मला ते अपुरे वाटते. आकाशवाणीने रिकाम्या झालेल्या वेळात नुसते ख्याल भरले असे नव्हे. सुगम संगीताचे विभाग काढले, कवींकडून आणि संगीतकारांकडून नवी गीते करून घेतली, आणि मराठीत तर या वाटेने मोठे पीक आले. 2 ऑक्टोबर 1953 रोजी सुरू झालेल्या पुणे केंद्राने सीताकांत लाड यांच्या पुढाकाराने ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांच्याकडून ‘गीतरामायण’ करून घेतले. 1 एप्रिल 1955 पासून वर्षभर दर आठवड्याला एक याप्रमाणे त्यातली 56 गीते प्रसारित झाली आणि रेडिओला हार घालून ती ऐकणारी घरे महाराष्ट्रात होती. त्याच घरांत बुधवारी रात्री सिलोन लागत असे. मराठी श्रोत्याने या दोहोंपैकी एकाची निवड केली नाही, त्याने काटा फिरवला. याचा अर्थ असा की केसकरांचे धोरण फसले ते गाण्याच्या दर्जामुळे नव्हे. दुसरे गाणे ऐकण्याची सोय श्रोत्याच्या बोटाशी होती आणि ती बंद करण्याचा अधिकार दिल्लीला नव्हता, म्हणून ते फसले. गंमत अशी की रेडिओचा वार्षिक परवाना पोस्टात जाऊन घ्यावा लागे आणि त्याचे शुल्क भारत सरकारकडे जाई. ऐकले मात्र कोलंबो जाई.

मुंबईतला कारखाना

सिलोनचे कार्यक्रम सिलोनमध्ये तयार होत, ही समजूत अर्धीच खरी आहे. दिवसभराची फर्माइशीची आणि रेकॉर्डची सत्रे कोलंबोच्या टॉरिंग्टन चौकातल्या स्टुडिओतून होत आणि त्यासाठी विजयकिशोर दुबे, गोपाल शर्मा, शिवकुमार ‘सरोज’, मनोहर महाजन यांच्यासारखे निवेदक भारतातून तेथे जाऊन राहत. सकाळी जुन्या चित्रपटांतील गीतांचा कार्यक्रम आठ वाजता सैगल यांच्या गाण्याने संपवण्याची प्रथा याच स्टुडिओने पाडली आणि कित्येक घरांत ती घड्याळासारखी वापरली गेली. पण ज्यांतून पैसा येई ते प्रायोजित कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित होत. डॅनियल मोलिना या अमेरिकन गृहस्थांची रेडिओ ॲडव्हर्टायझिंग सर्व्हिसेस ही संस्था मुंबईत सिलोनचा वेळ विकत असे आणि कार्यक्रम तयार करून घेत असे. जाहिरातदाराशी बोलणी मुंबईत, संहिता मुंबईत, निवेदन मुंबईत. तयार झालेली टेप विमानाने कोलंबोला जायची, तेथून ती हवेत सोडली जायची आणि काही क्षणांत पुन्हा मुंबईच्या घराघरांत उतरायची. लिप्टन चहाच्या कार्यक्रमात चित्रपट कलाकारांच्या मुलाखती घेणारा एक तरुण निवेदक पुढे सुनील दत्त या नावाने पडद्यावर आला.

अमीन सयानी हे या कारखान्याचेच अपत्य. थोरले बंधू हमीद सयानी तेथे इंग्रजी कार्यक्रमांचे निर्माते आणि निवेदक होते. अमीन सेंट झेवियर्स कॉलेजात शिकत असताना ध्वनिमुद्रण पाहायला जाऊन बसू लागले आणि बसता बसता बोलू लागले. त्यांच्या आई कुलसुम सयानी नवसाक्षरांसाठी ‘रहबर’ हे पाक्षिक चालवत. सोप्या हिंदुस्तानीत, कोणालाही अडखळायला न लावता लिहायचे, हा त्या पाक्षिकाचा कटाक्ष होता आणि त्याच्या कामात मुलाचाही हात असे. सयानींच्या निवेदनाची भाषा लोकांना आपली वाटली याचे श्रेय सहसा त्यांच्या आवाजाला दिले जाते. मला ते या पाक्षिकाच्या शिस्तीला द्यावेसे वाटते. आकाशवाणीची हिंदी त्या काळात संस्कृतकडे झुकत चालली होती. सिलोनची हिंदी बाजारात बोलली जाणारी राहिली. प्रचलित ‘भाइयों और बहनों’ उलटून ‘बहनों और भाइयों’ असे संबोधणे हा लहानसा फेरफार. पण स्वयंपाकघरातून ऐकणाऱ्या बाईला आपल्याशी प्रथम बोलले जात आहे असे वाटणे ही टूथपेस्ट विकणाऱ्याच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हती.

‘बिनाका गीतमाला’ 3 डिसेंबर 1952 रोजी, एका बुधवारी, सुरू झाली. प्रायोजक सीबा ही स्विस कंपनी होती. इंग्रजी सेवेवर तिचा ‘बिनाका हिट परेड’ आधीपासून गाजत होता आणि त्याच धर्तीवर हिंदी गाण्यांचे काही करावे, असा विचार होता. संहिता, निर्मिती, निवेदन आणि आलेल्या पत्रांची तपासणी या सर्वांचे मिळून आठवड्याला 25 रुपये मिळणार होते. त्या पैशात कोणी अनुभवी निवेदक मिळेना, म्हणून काम वीस वर्षांच्या अमीनकडे आले. सुरुवातीचा आराखडा स्पर्धेचा होता. सात गाणी कोणत्याही क्रमाने वाजवायची, श्रोत्यांनी त्यांचा योग्य क्रम लावून पाठवायचा आणि बरोबर उत्तरांसाठी 100 रुपयांचे बक्षीस. सयानी सांगत त्याप्रमाणे पहिल्याच कार्यक्रमाला 9,000 पत्रे आली आणि वर्ष-दीड वर्षात हा आकडा आठवड्याला 65,000 वर गेला. एका माणसाने 25 रुपयांत 65,000 उत्तरे तपासणे शक्य नव्हते. म्हणून 1954 च्या अखेरीस स्पर्धा बंद करून लोकप्रियतेच्या क्रमाने गाणी वाजवण्याची पद्धत आली. भारतीय लोकप्रिय संगीतातल्या क्रमवारीची सुरुवात अशी पत्रांच्या ढिगाने वाट अडवल्यामुळे झाली, याकडे सहसा लक्ष जात नाही.

क्रम लावायचा कसा, हा प्रश्न सोपा नव्हता. प्रथम देशातल्या निवडक दुकानांतली रेकॉर्डची विक्री हा आधार धरला गेला. पण त्यात एक फट निघाली. फार चालणाऱ्या गाण्याच्या रेकॉर्ड लवकर संपत आणि माल संपला की त्या आठवड्यात त्या गाण्याची विक्री शून्य दिसे. म्हणजे लोकप्रियतेमुळेच गाणे खाली घसरे. म्हणून विक्रीच्या जोडीला श्रोत्यांच्या पसंतीचा आधार घेण्यात आला आणि गावोगावी निघालेल्या श्रोता संघांची मते मागवण्यात आली. ‘पायदान’ (क्रमवारीतली पायरी) आणि ‘सरताज गीत’ (सर्वांत मानाचे गाणे) हे शब्द या व्यवस्थेने रूढ केले. चित्रपटसृष्टीला यातून एक असे मोजमाप मिळाले, जे तोवर कोणाकडेच नव्हते. तिकीटबारीवर चित्रपट चालतो की नाही एवढे कळे. गाणे चालते की नाही हे प्रथमच दर आठवड्याला कळू लागले. संगीतकाराची किंमत ठरवताना निर्माते या क्रमवारीकडे पाहू लागले, आणि प्रदर्शनापूर्वी चित्रपटाची गाणी व संवाद गुंफून केलेले पंधरा मिनिटांचे प्रायोजित कार्यक्रम सिलोनवर लावणे हा प्रसिद्धीचा ठरलेला भाग झाला. फुकटची जाहिरात नको म्हणून दिल्लीने चित्रपटाचे नाव घ्यायचे टाळले. कोलंबोने त्याच नावाचे पैसे लावले.

टूथपेस्टच्या खोक्यातून निघणारे प्लास्टिकचे इवलेसे प्राणी त्या पिढीने जपून ठेवले. लहान मुलगा ज्या प्राण्यासाठी हट्ट धरी त्याच खोक्यावरचे नाव रात्री आठला रेडिओतून ऐकू येई, आणि केंद्र नीट लागले की मिटणारा संचावरचा हिरवा दिवा, ‘मॅजिक आय’, मिटेपर्यंत घरातला कोणीतरी काटा केसभर इकडे-तिकडे सरकवत राही. आवाज लाटेसारखा वर येई, बुडे, पुन्हा वर येई. ऐन सरताज गाण्याच्या वेळी तो बुडाला तर छपरावरच्या एरियलच्या तारेला दोष दिला जाई. हा दोष तारेचा क्वचितच असे. आयनांबर रात्री खालीवर होते त्याला छपरावरून उपाय नव्हता. ही तांत्रिक कमजोरी श्रोत्यांनी सुरुवातीची वर्षे सहन केली, कारण दुसरीकडे तेच गाणे मिळत नव्हते. धंद्याच्या भाषेत सांगायचे तर माल सदोष होता, पण दुकान एकच होते.

दुसरे दुकान

दिल्लीला हे उशिरा का होईना, कळले. 3 ऑक्टोबर 1957 रोजी ‘विविध भारती’ सुरू झाली, आणि तीही केसकर मंत्री असतानाच. नरेंद्र शर्मा यांच्यासारख्या कवीकडे आखणी सोपवली गेली आणि चित्रपटगीते सन्मानाने परत आली. तरीही सिलोनचे लगेच काही बिघडले नाही. विविध भारती प्रथम मुंबई आणि मद्रासच्या लघुलहरी प्रक्षेपकांवरून ऐकू येत होती, म्हणजे खरखर दोन्हीकडे होती. शिवाय तिच्यावर जाहिराती नव्हत्या, त्यामुळे जाहिरातदार जागचा हलला नाही. आणि जाहिरातदार जेथे होता तेथेच गीतमाला राहिली. दहा वर्षे श्रोत्याकडे पर्याय होता, परंतु प्रायोजकाकडे नव्हता. सिलोनच्या दुसऱ्या दशकाचे स्पष्टीकरण मला एवढ्यातच दिसते.

नभोवाणीच्या पाहणीसाठी 1964 मध्ये नेमलेल्या चंदा समितीने 1966 मध्ये अहवाल दिला आणि विविध भारतीवर जाहिराती घेण्याची शिफारस केली. भारतीय बाजारात माल विकण्यासाठी भारतातल्याच उत्पादकांनी कोलंबोला पैसे मोजावेत, ही स्थिती तशीही फार काळ टिकण्यासारखी नव्हती. 1 नोव्हेंबर 1967 रोजी मुंबई, पुणे आणि नागपूर या केंद्रांवरून विविध भारतीची व्यापारी सेवा सुरू झाली. भारतीय नभोवाणीवरची पहिली जाहिरात महाराष्ट्राने ऐकली, हे या प्रकरणातले आपले दुसरे स्थान. पहिले अर्थातच मुंबईच्या टेपचे. योगायोग असा की त्याच वर्षी 5 जानेवारीला कोलंबोच्या सरकारी खात्याचे महामंडळ झाले होते आणि ‘रेडिओ सिलोन’ हे नाव अधिकृतपणे संपले होते. मे 1972 मध्ये देशाचे नाव बदलले तेव्हा ते श्रीलंका ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशन झाले. भारतीय श्रोता मात्र अखेरपर्यंत ‘सिलोन’च लावत राहिला.

1967 नंतरची घसरण संथ आहे आणि तिचे एक कारण रेडिओच्या खोक्यात सापडते. ट्रान्झिस्टर स्वस्त होत गेले, आणि सर्वांत स्वस्त संच एका पट्ट्याचे, फक्त मध्यमलहरींचे होते. ज्या कामगाराने, शेतकऱ्याने किंवा पानवाल्याने सत्तरच्या दशकात आयुष्यातला पहिला रेडिओ घेतला, त्याच्या संचावर सिलोन लागण्याचा प्रश्नच नव्हता. त्याच्यासाठी गाणे म्हणजे विविध भारती. जुना श्रोता टिकला, नवा श्रोता आलाच नाही. 1970 पासून विविध भारतीने प्रायोजित कार्यक्रमही घेतले आणि मुंबईतल्या त्याच निर्मात्यांना, त्याच निवेदकांना गावातच काम मिळू लागले. कोलंबोने येथे काही वेगळे करता आले असते का, असा प्रश्न पडतो. प्रक्षेपक अधिक ताकदवान केला असता तरी एका पट्ट्याच्या संचाला तो ऐकू आला नसता. गाणी, बोलणारी माणसे आणि प्रायोजक यांपैकी एकही गोष्ट कोलंबोच्या मालकीची नव्हती, आणि जी होती तिची टंचाई संपली होती. अपवाद एकच: अनेक वर्षे जपलेला जुन्या रेकॉर्डचा संग्रह. सकाळच्या जुन्या गीतांच्या कार्यक्रमाचे श्रोते म्हणूनच सर्वांत शेवटपर्यंत टिकले.

गीतमालाही सर्वांत शेवटी हलली. टूथपेस्टचे नाव बिनाकाचे सिबाका झाले, कार्यक्रमाचे नावही त्याबरोबर बदलले, घरोघर दूरदर्शन आणि कॅसेट आली, तरी मुंबईहून टेप कोलंबोला जातच होती. 1989 मध्ये गीतमाला विविध भारतीवर आली आणि 1994 पर्यंत चालली. मुंबईत बोललेले वाक्य मुंबईतच ऐकण्यासाठी समुद्रापलीकडून फिरून यायचे, तो 1952 पासूनचा वळसा तेव्हा बंद झाला.